बॅटरीची एकादशी

आमचं मंगल कार्यालय अक्कलकोट रोडला आहे, एमआयडीसीच्या जरा अलीकडे. हल्ली नुसतं मंगल कार्यालय म्हटलं की लोकांची तोंडं वाकडी होतात, म्हणून पाटीवर 'लॉन्स' असं लिहून घेतलंय. लॉन्स म्हणजे समोरचं दीड एकर गवत. ते गवत खरं आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा तमाशा त्या गवतापायी झाला.

कार्यालय सासऱ्यांनी काढलं, आता धाकटे दीर बघतात. मी सत्तावीस वर्षं एका ज्युनिअर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. आम्लाच्या बाटल्या, काचेच्या नळ्या आणि बाटली उघडी दिसली की आधी नाक घालणारी पोरं, यात माझी उमर गेली. त्यामुळे माझा स्वभाव तापट झाला असं मी म्हणते. घरचे म्हणतात तो आधीपासूनच तसा होता. निवृत्त झाले आणि घरी बसून करमेना, म्हणून कार्यालयात बुकिंगच्या टेबलावर बसायला लागले.

गवत कापायला आमच्याकडे बसून चालवायचं मशीन आहे. पुण्याकडचं एक रिसॉर्ट बंद पडलं, तिथून दिरांनी ते सेकंडहँड उचललं. दिसायला लहान ट्रॅक्टर. मामा त्याला गाडी म्हणतात. मामा म्हणजे आमचे माळी, सत्तरीला टेकलेले, गाव वेळापूरच्या बाजूला. कार्यालय झालं त्या वर्षी आले, मागच्या खोलीत राहिले ते राहिलेच. समोरचं सगळं गवत त्यांनी ठोंब ठोंब करून हातानं लावलंय. लग्नात कुणी उंच टाचांच्या चपला घालून त्यावरून टकटक गेलं की मामा तिकडे पाठ करून उभे राहतात, बघवत नाही त्यांना.

गाडीचं इंजिन पेट्रोलचं, पण ते सुरू करायला बारा व्होल्टची बॅटरी लागते. शिशाची, आम्लाची, वर सहा झाकणं असलेली, जुन्या पद्धतीची. बॅटरीत जीव असला तर चावी फिरवल्याबरोबर सेल्फ लागतो. नसला तर आतून नुसतं 'टिक' होतं.

आमच्याकडे ते टिक दर वर्षी व्हायचं, आणि दर वर्षी एकाच वेळी. आषाढी एकादशी झाली की लग्नं बंद. मग कार्तिकात तुळशीचं लग्न लागल्याशिवाय माणसांची लागत नाहीत. ते चार महिने पावसाचे. आमची काळी माती भिजली की गाडीची चाकं आत बसतात, म्हणून गवत वाढू द्यायचं आणि मामांनी विळ्यानं कापून शेजारच्या गोठ्यात द्यायचं. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये. चार महिने तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मग तुळशीचं लग्न लागतं, पहिला मुहूर्त दोन दिवसांवर येतो, सगळ्यांची पळापळ चाललेली असते, आणि चावी फिरवली की टिक. ओळीनं तीन वर्षं तीन बॅटऱ्या गेल्या. शिशाची बॅटरी रिकामी बसवून ठेवली की आतल्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो, आणि एकदा तो धरला की ती चार्ज घेत नाही. अहो, ही अकरावीतली गोष्ट आहे! पण आमच्या घरात प्रत्येकाचं मत वेगळं. दीर म्हणायचे बॅटरीवाला फसवतो, मामा म्हणायचे कुणाची तरी नजर लागते.

यंदा आषाढीच्या आधी दीर चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, आता बास झालं. तुळशीच्या लग्नाआधी गाडी एका चावीत सुरू झाली तर ठीक. नाहीतर सगळं उपटून प्लॅस्टिकचं गवत टाकतो. पाणी नको, पेट्रोल नको, माळी नको."

मामा तिथंच दारात उभे होते. त्यांनी आमचे रिकामे कप उचलले आणि धुवायला घेऊन गेले. कप धुवायला आमच्याकडे बाई आहे. मामांनी आजवर कधी कपाला हात लावला नव्हता.

सत्तरीचा माणूस, गावाकडे पोराच्या दारात बसून काय करणार? मी म्हटलं, "भाऊजी, बॅटरी माझ्यावर सोडा." दीर हसले. ते हसले की माझं पित्त खवळतं. मी त्याच दिवशी कार्डशीट आणली आणि नियम लिहून भिंतीला लावले. पहिलाच नियम: काम झाल्यावर चावी काढून ऑफिसातल्या खिळ्याला लावणे. खाली लाल शाईत दोन रेघा मारल्या.

आता बॅटरी ठेवायची कुठं? शेडमध्ये पावसाळ्यात गळतं आणि उन्हाळ्यात भट्टी होते. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि ठिणगी मिळाली तर भडका उडतो, म्हणून वारा खेळणारी खोली पाहिजे. सगळं कार्यालय हिंडून बघितलं. दोन बाजूंना खिडक्या, वर हवा बाहेर फेकणारा पंखा आणि चालू स्थितीतला प्लग, एवढं सगळं एकाच खोलीत होतं. दारावर पाटी: 'वधूपक्ष'. चार महिने वधू येणार नव्हतीच. म्हटलं, चला.

मामांनी बॅटरी खाली फरशीवर ठेवू दिली नाही. जमिनीवर ठेवली की जीव उतरतो म्हणे. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या खोक्याला जमिनीनं काही होत नाही, हे मी पाच मिनिटं समजावलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि आत जाऊन नवरीचा चौरंग घेऊन आले.

मग प्रश्न आला तारखांचा. दर पंधरा दिवसांनी चार्ज करायची एवढंच काम, पण मामांना तारखा कळत नाहीत. मोबाइलचा गजर लावून दिला तर तो वाजल्यावर ते फोन गादीखाली कोंबतात. तिथी मात्र माणूस कधी चुकत नाही. एकादशी कधी, अमावस्या कधी, झोपेतून उठवून विचारा. मग मी डोकं लढवलं. म्हटलं, "मामा, सोपं आहे. बॅटरीनं एकादशी धरलीय असं समजा. एकादशीला उपास, बारशीला सकाळी पारणं. पारणं म्हणजे चार्जिंग."

माझी मी खूश होऊन हसले. मामा हसले नाहीत. जरा विचार करून म्हणाले, "निर्जळी का फराळाची?"

"काय?"

"उपास वो. निर्जळी धरायची का फराळाची?"

"निर्जळी अजिबात नाही!" मी ओरडले. "पाणी कमी झालं तर संपली ती."

"मग फराळाची," मामा म्हणाले, आणि तो विषय मिटला.

पहिल्या बारशीला मी सगळं करून दाखवलं. आधी माझ्या पाटल्या उतरवल्या, मामांचं चांदीचं कडं उतरवायला लावलं, कारण धातू दोन टोकांना एकदम टेकला तर हात भाजतो. मामांना प्रयोगशाळेतला गॉगल आणि हातमोजे दिले. मोजे गुलाबी होते. टोकांवर पांढरट हिरवा क्षार आला होता, तो खायच्या सोड्याचं पाणी लावून जुन्या टूथब्रशनं घासला. फसफसायला लागलं तसे मामा दोन पावलं मागं सरले. मग लाल चिमटा लाल टोकाला, काळा काळ्याला, आणि चार्जरचं बटण सगळ्यांत शेवटी. काढताना आधी बटण बंद, मग चिमटे. चार्जर आमच्या कॉलेजातून मोडीत निघालेला, जुना, काट्याचा, पण माणसासारखा हळू हळू चार्ज करणारा. बॅटरीला घाई चालत नाही.

मामा माठातलं तांब्याभर पाणी घेऊन आले. मी तांब्या हिसकावला. "मामा! बोअरचं पाणी? आपलं बोअरचं पाणी बादलीला पांढरं करतं, ते बॅटरीच्या पोटात घालता?" मग डिस्टिल वॉटरची बाटली दाखवली. पट्ट्या बुडालेल्या असतील तर पाणी चार्जिंग झाल्यावर घालायचं, आधी नाही, आणि खुणेच्या वर थेंब नाही. मामांनी ते एका झटक्यात लक्षात ठेवलं. "आदी जेवान, मागनं पानी. आमच्या आईचं बी आसंच व्हतं."

झालं. त्या दिवसापासून बॅटरी आमच्या घरची झाली. बारशीच्या सकाळी मामा आंघोळ करून, धुतलेली बंडी घालून, गॉगल लावून, गुलाबी मोजे चढवून वधूपक्षात चौरंगासमोर बसायचे. चार्जिंग चालू असताना सोडून जायचं नाही हा माझाच नियम. ते खरंच उठायचे नाहीत. दूधवाला विचारायचा, मामा कुठंत? बाई सांगायची, पारण्याला बसलेत.

श्रावणात एकदा डोकावले तर बॅटरीच्या अंगावर सोलापुरी चादर. चांगली नवी, मोराची. चार्जिंग चालू आणि वरून चादर गळ्यापर्यंत ओढलेली! माझं टाळकंच सटकलं. "मामा, गॅस कोंडेल ना! काढा ती आधी!"

"गार वारं हाय वैनी. खिडक्या तुमीच उगड्या ठेवाया सांगितल्याती."

"बॅटरीला थंडी वाजत नाही!"

"तुमाला काय म्हाईत," असं पुटपुटत त्यांनी चादर काढली, घडी घातली आणि मांडीवर घेऊन बसले. सोलापुरात माणूस कशालाही चादर पांघरतो, टीव्हीला, शिलाई मशीनला, स्कूटरला. पण बॅटरीला पांघरलेली मी पहिल्यांदा बघितली.

खरा गोंधळ झाला घटस्थापनेनंतरच्या बारशीला. दसरा होऊन दोन दिवस झाले होते. बार्शीहून एक बाई कार्यालय बघायला आल्या. लेकीचं लग्न, तुळशीच्या लग्नानंतरचा पहिलाच मुहूर्त. बाई मोठ्या भाविक, कपाळभर कुंकू, हातात भली मोठी पिशवी. हॉल बघितला, स्वयंपाकघर बघितलं, लॉन बघून तर चपला काढल्या आणि अनवाणी चालल्या. म्हणाल्या, "हे बरंय. ते प्लॅस्टिकचं कुठं कुठं असतंय, त्यावर माझ्या लेकीला मी उभी करणार नाही." मी मनातल्या मनात दिरांना हाक मारली, पण ते नेमके बाहेर गेलेले. तेवढ्यात फोन आला म्हणून मी मागं राहिले आणि बाई स्वतःच वधूपक्षाचं दार उघडून आत गेल्या.

फोन ठेवून मी आत गेले तर बाई चौरंगासमोर हात जोडून उभ्या. मामा गॉगल लावून, गुलाबी मोज्यांचे हात मांडीवर ठेवून बसलेले. बाईंनी दबक्या आवाजात काहीतरी विचारलेलं दिसत होतं, आणि मामा तितक्याच दबक्या आवाजात सांगत होते, "काल एकादस व्हती न्हवं, आज पारनं चाललंय."

"कडक असतंय का हो?"

"फराळाची हाय. पर नेम चुकवीत न्हाय."

बाईंनी पिशवीतून हळदीकुंकवाची डबी काढली आणि बॅटरीला वाहिलं. तिथपर्यंत मी गप्प बसले. मग त्यांनी उदबत्तीचा पुडा काढला. आणि काडेपेटी!

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. मी दारापासून चौरंगापर्यंत पोचले तोवर उदबत्ती पेटली होती. मी तोंड पुढं करून फुंकर मारायला गेले तर बाईंनी हात मागं घेतला. "अहो, देवाची उदबत्ती फुंकून विझवतात का?" मी म्हणतेय स्फोट होईल, त्या म्हणतायत उष्टी होईल. त्या हातानं वारा घालून विझवायला बघतायत आणि वाऱ्यानं ती आणखीच फुललीय. शेवटी मी उदबत्ती त्यांच्या हातातून ओढली आणि सोड्याच्या पाण्याच्या वाटीत बुडवली. मामांनी शांतपणे चार्जरचं बटण बंद केलं, मग चिमटे काढले. नेमानं, पाठ केल्यासारखं.

मी बाईंना हायड्रोजन समजावला. आता ह्या पायऱ्या उतरून निघून जाणार आणि वर चार ठिकाणी सांगणार, याची मी तयारी केली होती. बाईंनी ऐकून घेतलं, घाम पुसला आणि म्हणाल्या, "जिथं बॅटरीचं एवढं बघतात तिथं माझ्या लेकीचं बघतीलच की." आणि पहिला मुहूर्त आमच्याकडे बुक केला. अट एकच, गवत हेच पाहिजे.

आता दिरांनासुद्धा माघार घेता येत नव्हती, असं मला वाटलं. पण दीर कसले! म्हणाले, "बाईंना काय कळतंय, चांगल्या प्रतीचं टाकलं तर ओळखू येत नाही. अट ती अट. गाडी एका चावीत." आणि प्लॅस्टिकच्या गवतवाल्याला कार्तिकी एकादशीला सकाळी यायला सांगितलं. त्याला म्हणे दुसरा दिवस मोकळा नव्हता.

वसुबारसेला मामा दिवाळीसाठी गावी गेले. निघताना चावी माझ्या हातात दिली. "वैनी, आज बारस हाय. पारनं तुमी करा." मी म्हटलं, जा हो तुम्ही निवांत, मी काय नवखी आहे का? त्या दिवशी मी एकटीनं सगळं केलं. चार्ज केली, पाणी बघितलं, टोकं घासली, वर पेट्रोलियम जेली लावली. मग विचार केला, आता पंधराच दिवस राहिलेत, गाडीतच बसवून ठेवते. उचलून नेली, बसवली, चावी एक घर फिरवली. पॅनेलवर लाल दिवा लागला, झगझगीत. माझ्या जिवाला बरं वाटलं. तेवढ्यात बार्शीच्या बाईंचा फोन आला. मेंदीला किती उशा लागतील इथून सुरुवात करून त्यांनी पाऊण तास खाल्ला. मग घरी फराळ, पाहुणे, आकाशकंदील. दिवाळी संपल्यावर लाइटच्या माळा उतरवल्या आणि ऑफिसात जिथं खिळा दिसला तिथं अडकवल्या.

कार्तिकी एकादशीला सकाळी साडेआठला दीर, प्लॅस्टिकचा गवतवाला आणि मी असे तिघं शेडकडे निघालो. गवतवाल्याच्या काखेत नमुन्याची गुंडाळी होती. मामा पहाटेच्या एसटीनं गावाहून आले होते. शेडमध्ये बघतो तर गाडीचं पुढचं झाकण उघडं आणि आत बॅटरी नाही. मामा ती काढून परत वधूपक्षात घेऊन गेले होते. आम्ही तिकडे गेलो. बॅटरी चौरंगावर, मामा दारात आडवे उभे.

"मामा, बॅटरी बसवा आणि चावी द्या," दीर म्हणाले.

"आज न्हाय मालक."

"का?"

"आज तिची एकादस हाय."

दीर हसले. मामा हसत नाहीत म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. "मामा, थट्टा पुरे. हे गृहस्थ लांबून आलेत."

"तुमी सवता आज उपाशी हाय न्हवं मालक? मग उपाशी जिवाला कामाला कशाला लावायचं? उद्या पारनं हुं द्या, एका चावीत लावून दावतो. न्हाय लागली तर माजं मी गाठोडं बांदतो."

चार महिने! चार महिने मी हे सगळं कशासाठी केलं? आत भरलेली बॅटरी, गाडी तयार, एक चावी फिरवायची आणि सुटायचं, तर ह्या माणसानं माझीच थट्टा खरी मानून स्वतःच्या पोटावर पाय आणला! माझा तोंडाचा पट्टा सुटला. "मामा, डोकं फिरलंय का तुमचं? ती बॅटरी आहे! शिसं आणि आम्ल! तिला कसली आलीय एकादशी? तुमच्या लक्षात राहावं म्हणून मी सांगितलं होतं ते! एवढंही कळत नाही? अडाणी ते अडाणीच राहणार तुम्ही!"

सगळ्यांदेखत म्हटलं. दिरांदेखत, परक्या माणसादेखत. मामांनी मान खाली घातली. "चुकलं आसल वैनी. पर आज न्हाय."

दीर रागानं लाल झाले होते, काहीतरी कायमचं बोलणार होते. मध्येच गवतवाला घसा खाकरून म्हणाला, "साहेब, राहू द्या. माझाही उपास आहे. उपासाच्या दिवशी कुणाचा नेम मोडायचा नको. उद्याचं काम पुढं ढकलून मुक्काम करतो, सकाळी बघू." प्लॅस्टिक विकायला आलेला माणूस बॅटरीच्या उपासाला मान देत होता. मी कपाळावर हात मारून घेतला. दीर म्हणाले, "उद्या नऊ वाजता. एकच चावी." आणि जाता जाता, माझी खात्री आहे, त्यांनी चौरंगाकडे बघून हात कपाळाला लावला.

दुपारी वधूपक्षावरून जाताना आतून चार्जरची घूं घूं ऐकू आली. मी दार लोटलं. खिडक्या सताड उघड्या, पंखा चालू, मामा गॉगल लावून चार्जरला पाठ टेकून बसलेले.

"आता हे काय? तिचा उपास ना आज?"

"फराळ हाय की वैनी," मामा म्हणाले. "शाबूची खिचडी."

मी दार आपटून निघून गेले. रागात चार्जरचा काटा बघितला नाही. सत्तावीस वर्षं काटे बघण्यात गेली, आणि नेमका तो एक बघितला नाही. मामा अंधार पडेपर्यंत तिथून हलले नाहीत, असं नंतर कामवाल्या बाईनं सांगितलं. स्वतः त्यांनी दिवसभरात नुसतं पाणी घेतलं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता आम्ही शेडसमोर उभे. मामांनी बॅटरी बसवलेली होती. गाडीवर चढले, टोपी नीट केली, बंडीच्या खिशातून चावी काढली, लावली, फिरवली.

धडधड करून गाडी लागली. एका चावीत! गवतवाल्यानं तर टाळ्याच वाजवल्या. दीर म्हणाले, "हं. ठीक आहे," आणि आत गेले. त्यांच्या तोंडून यापेक्षा जास्त काही येत नाही. नमुन्याचं गवत तो माणूस तिथंच ठेवून गेला, ते आता वधूपक्षाच्या दारात पायपुसणं आहे. मी आनंदानं रडायचीच बाकी होते. मामांनी दोन फेऱ्या मारल्या, चाकं, पातं बघायला गाडी थांबवली, चावी काढली आणि माझ्या हातात दिली. "पेट्रोल घालूस्तवर खिळ्याला लावा वैनी. तुमचाच नेम हाय."

मी ऑफिसात गेले. चावी लावायला हात वर केला तर खिळ्यावर लाइटच्या माळा. दिवाळीनंतर मीच अडकवलेल्या, गुंता झालेल्या, खिळ्याचं टोकसुद्धा दिसत नव्हतं.

मी तिथंच खुर्चीत बसले. चावी इथं नव्हतीच. वसुबारसेला मामांनी ती माझ्या हातात दिली, आणि मी ती त्यांना परत दिलेलीच नव्हती. मी ती गाडीला लावली होती, एक घर फिरवली होती, लाल दिवा लागला होता, आणि फोन आला होता. तो लाल दिवा पंधरा दिवस तसाच जळत राहिला होता. बॅटरीतला शेवटचा थेंब पिऊन विझेपर्यंत. पहाटेच्या एसटीनं निघून आलेल्या मामांनी चावी गाडीतच लटकलेली बघितली असणार, फिरवून बघितली असणार, आणि आतून टिकसुद्धा झालं नसणार.

आणि अर्ध्या तासानं आम्ही तिघं तिथं पोचलो होतो.

मी बाहेर आले. मामा पेट्रोलचा डबा घेऊन गाडीपाशी उभे होते.

"मामा, काल सकाळी चावी कुठं सापडली तुम्हाला?"

"खिळ्याला व्हती की."

"खिळ्याला माळा आहेत."

"मग माळंखाली आसल," मामा म्हणाले आणि पेट्रोल ओतायला लागले. माझ्याकडे बघितलं नाही.

"मामा, मी तुम्हाला सगळ्यांदेखत अडाणी म्हटलं. आणि चूक माझी होती. तुम्ही तिथंच का नाही सांगितलंत?"

मामांनी टाकीचं झाकण घट्ट केलं. बंडीला हात पुसले आणि चावीसाठी हात पुढं केला. "मालकाम्होरं वरडला ते लई बरं झालं वैनी," ते म्हणाले. "त्याबिगर त्यास्नी खरं वाटलं नसतं."

मी चावी त्यांच्या हातात दिली. ते गाडीवर चढले आणि गवताच्या पलीकडच्या टोकापासून कापायला सुरुवात केली.